एकोणीसचा पाना

काटा तीन वर्षं अर्ध्यावरच अडकलाय,
टाकी भरलेली असो की कोरडी.
मी काठी बुडवून बघते. काल बघितली नाही.

तळ्याकाठच्या तुकड्यात, चौथ्या फेरीला,
निळा बेलारूस दोनदा उचकला
आणि कापल्या-न-कापल्या गवतात उभा राहिला.
मागून बेडूक टिपत येणारा करकोचाही थांबला,
मजुरी थकलेल्या गड्यासारखा, एका पायावर.

डिझेल आणलं, ओतलं. पण आता त्यानं हवा धरली होती.
माणसाच्या डोक्यात हवा गेली की तो जास्तच चालतो,
याच्या नळीत गेली की हा चालत नाही.
हवा बिचारी दाबाल तेवढी दबते,
म्हणूनच तिच्यातून जोर पुढे जात नाही.

फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल.
हातपंपाची मूठ वर, खाली, वर, खाली.
आधी नुसता फुसफुसाट,
मग फेस, उतू जाणाऱ्या दुधासारखा,
मग मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे,
मग बराच वेळ काही नाही,
आणि परत एक.
त्या एकासाठी थांबायचं असतं.
अल्बिन्स कधी थांबला नाही. "झालं!" म्हणायचा,
आणि तासाभरानं पुन्हा पाना मागायचा.
आता टेकडीवर बर्चखाली झोपलाय,
तिथे तरी थांबत असेल.

मग चार नोझलांच्या नळ्या, एकोणीसचा पाना.
इथे दोन माणसं लागतात:
एक नळीपाशी, एक किल्लीपाशी.
माझा हात लांब आहे. तेवढा नाही.

बांधापलीकडे दोनात्स गवत उलटत होता.
अकरा वर्षं आम्ही बोललेलो नाही,
ओढ्यातल्या एका सिमेंटच्या पाइपावरून;
खरं तर तेव्हा तो जे बोलला त्यावरून.
त्यानं दाताळं जमिनीत रोवलं. आला.
सीटवर चढून किल्ली धरली
आणि सरळ समोर बघत बसला, प्रार्थनेला बसल्यासारखा.

"फिरव."
"थांब."
"फिरव."
पहिली नळी थुंकली. दुसरी थुंकली.
तिसरीला पुन्हा फेस.
तो खाली उतरला, फिल्टरच्या बोल्टावर बोट फिरवलं.
वायसर चिरलेला. हवा तिथूनच आत येत होती,
कोण जाणे केव्हापासून.
खिशातून त्यानं तांब्याचा एक काढला,
विस्तवावर लाल करून मऊ केलेला,
खिळे, बडीशेपेचे दाणे आणि तंबाखूच्या चुऱ्यातून.

पुन्हा पहिल्यापासून. मूठ वर, खाली.
लाटगालेत जुलैचा उजेड दहा वाजले तरी हटत नाही,
नाहीतर काळोखानं सुटका केली असती दोघांचीही.

चौथी नळी आवळता आवळता तो खोकला,
पांढरा धूर, मग करडा, मग घरघर,
आणि सगळ्यात आधी करकोच्यानं पाऊल उचललं.

दोनात्सनं माझ्या फडक्याला हात पुसले,
टोपीला बोट लावलं. माझ्यासाठी की ट्रॅक्टरसाठी, कळलं नाही.

वायसर परत करता येत नाही.
एकदा आवळला की त्याच बोल्टाच्या मापाचा होतो.
पाइपही तसाच आहे, पाणी अजून माझ्याच बटाट्यांत येतं.