दोन बोटं माया

वही वडिलांची. पुठ्ठ्यावर मशीनच्या तेलाचा डाग,
आत हिरव्या शाईत पेठेतल्या बायकांची मापं.
पान एकोणीस: द्वारका चौगुले, गंगावेश.
उंची साडेतेरा, मुंढा चौदा, दंड नऊ.
खाली बारीक अक्षरात: पोरगी वाढती आहे,
दोन बोटं माया ठेवणे.

बापाच्या चार म्हशी.
रात्री कट्ट्यावर पेल्यात धार काढताना
ही गिऱ्हाइकांच्या नकला करायची,
पैलवानाची, वकिलाची,
उधारी बुडवणाऱ्या ड्रॉइंगच्या मास्तरची.
बघायला थांबलेले लोक दुसरा पेला घ्यायचे.
म्हणून बापानं नाटकाला नको म्हटलं नाही.

पहिला प्रयोग पॅलेस थेटरात.
शालू भाड्याचा, ब्लाऊज आमचा.
तिसऱ्या अंकात हुंदका दिला आणि पाठीची शिवण गेली.
प्रेक्षकांना पाठ न दाखवता
ती खेकड्यासारखी आडवी आडवी विंगेत पोचली.
पेपरात आलं: नवोदित नटीच्या चालण्यातच व्यथा होती.
वडील महिनाभर मान खाली घालून मशीन चालवत राहिले.

स्टुडिओनं नाव दिलं देवयानी.
'येते', 'जाते' म्हणायला शिकवलं.
दुकानाच्या पायरीवर मात्र, 'मी येतो रं.'

पान चाळीस: हिरोची बहीण.
पान सेहेचाळीस: हिरोची बहीण, विधवा. पांढरा, बाही कोपरापर्यंत.
पान बावन्न: पाटलाची धाकटी, विहिरीत उडी टाकते,
म्हणून दोन नग, एक भिजायला, एक वाळल्यावर घालायला.

नायिका एकदाच.
निर्माता गुळाचा अडत्या. भाव पडला,
आणि सिनेमा डब्यात राहिला, नवव्या रिळावर.
सात ब्लाऊज शिवून तयार. पैसे आले नाहीत.
वडील मागायला गेले नाहीत.
तीच आली, सातातले चार मोजून घेऊन गेली,
आणि पुढं कितीतरी वर्षं
जरीच्या बाह्या वर सारून भांडी घासत होती.

नवरा कारखान्यात, उसाच्या काट्यावर.
दिवसभर गाड्या तोलायचा.
बायकोला कधी तोलली नाही त्यानं.

सत्तरीला आली तेव्हा
मोरेवाडीच्या माळावर मालिका सुरू झाली.
आजेसासू. रोज तेरा तास.
कपडे मुंबईहून तयार येतात,
ती ते गुपचूप माझ्याकडं आणते, आत घ्यायला.
उंची आता साडेबारा.

मग एका मंगळवारी लेखकानं तिला मारलं.
दुकानात शिरली ती हसतच:
'वसंता, मेलो रं मी. स्टूल दे बसायला.'

सेटवर भिंतीला फोटो, चंदनाचा हार.
सून रोज त्याच्यापुढं उभी राहून रडते.
हिनं मॅनेजरला विचारलं,
'फोटो रोज कामावर येतोय. त्याची नाईट कुणाला देता?'
तो हसला. ही हसली नाही.
आता आठवड्याला पाचशे येतात,
व्हाउचरवर लिहिलेलं असतं: फोटो भाडे.

मंडईत एका बाईच्या हातातली मेथी गळून पडली तिला बघून.
हिनं उचलून दिली,
आणि त्याच जुडीचा भाव पाडून मागितला.

पण एकदा गाडीत बसून उगीच सेटवर गेलेली,
फोटो वाकडा होता म्हणाली, सरळ केला.
एवढंच सांगितलं. मग बराच वेळ
बटणांच्या डब्यात बोटं फिरवत बसली.

परवा नवं कापड घेऊन आली.
नातीच्या शाळेत कार्यक्रम आहे,
नकला करणार. वकील, पैलवान, ड्रॉइंगचा मास्तर.
मास्तर जाऊन चाळीस वर्षं झाली, कोण ओळखणार?
'मी ओळखतो की,' म्हणाली.

मी टेप लावला. मुंढा, दंड. उंची बारा.
सवयीनं तोंडातून गेलं, माया किती ठेवू?
ती आरशात मान वळवून आपली पाठ बघत होती.

'दोन बोटं ठेव. वाढलो तर?
आणि पाठीला डबल टीप मार.
तुझ्या बापानं मारली नव्हती.'