डावा खटका

थिनर लावायचा नाही. ही पहिली गोष्ट.
पत्र्याला चालतो, लोखंडाला चालतो,
प्लास्टिक मात्र मनाला लावून घेतं.
आधी पांढरं पडतं, मग चिकट होतं,
मग शेवटचा हात लावणाऱ्याचा ठसा
कायमचा धरून बसतं.
हे मला उस्ताद गुलजमानने शिकवलं,
फुकट गेलेल्या कव्हरची किंमत
दोन पगारांतून कापून.

म्हणून ब्रेक ऑइल.
पसरट ट्रेमध्ये रात्रभर बुडवायचं,
वर पिशवी ताणून बांधायची,
कारण शारजाच्या सनायातली धूळ
विचारून येत नाही.
ऑगस्ट. अर्धं शटर खाली.
रात्री अकरा वाजता नळाचं पाणी
चहाला निम्मं तयार.

गाडी खलफानची. पत्रोल. म्हणजे त्याच्या वडिलांची,
ते फेब्रुवारीत गेले.
इंजिनचं कव्हर लाल, स्प्रेच्या डब्याने
ह्यानेच सतराव्या वर्षी केलेलं.
वडील आठ दिवस बोलले नव्हते.
आता म्हणतो, होतं तसं कर.
होतं तसं म्हणजे कसं,
ते त्याने पाहिलेलंच नाही.

सकाळी लाल रंग सुरकुतला होता,
बोट लावलं की सायीसारखा गोळा होत होता.
माझा जुना दातांचा ब्रश,
खाचांसाठी आइस्क्रीमची काडी.
तार नाही. पॉलिश पेपर नाही. घाई नाही.
लालखाली राखाडी अस्तर.
अस्तराखाली निळा.

निळा?
फोटो पाठवला. खलफानचा आवाज आला,
‘मी नाही केला. मग बाबांनी?’
नंतर तो हसला, खूप वेळ,
आणि त्यानंतर मेसेज संपेपर्यंत
नुसता त्याच्या एसीचा आवाज.

निळ्याखाली काळा. कारखान्यातला, मिणमिणता.
उलटं केलं तर आत साच्याचं छोटं घड्याळ,
बारा आकडे, एक बाण, मधोमध साल.
बाण तीनवर. साल शून्य चार.
त्या मार्चमध्ये मी धोपाव्याच्या फेरीबोटीवर
शिट्टी तोंडात धरून गाड्या मागे घेत होतो,
येऊ दे, येऊ दे, डावीकडे काट,
आणि कुठल्याच गाडीचं बॉनेट
आतून पाहिलं नव्हतं.

घड्याळाच्या शेजारी सुईने कोरलेली दोन ओळी अक्षरं.
मला न येणारी.
चहावाल्या शाजीने किटली खाली ठेवली,
चष्मा कपाळावरून नाकावर घेतला,
‘मल्याळम आहे. हळू, असं लिहिलंय.
डावा खटका तुटका.’
नाव?
नाव नाही. एक कटिंग घेणार का?

डावा खटका पाहिला.
तुटकाच. पण कुणी तरी तापल्या तारेने टाका घालून
असा जोडलेला, की वरून तीन थर चढले,
बाप रंगवून गेला, लेक रंगवून गेला,
ह्याने पकड सोडली नाही.
सही न करता गेलेला माणूस.
कोणासाठी लिहिलं असेल?
नंतर जो उघडेल त्याच्यासाठी.
म्हणजे पाहायला गेलं तर
माझ्यासाठीच.

साबणाच्या पाण्याने दोनदा धुतलं.
सावलीत वाळवलं, उन्हात वाकतं.
उस्ताद जेवायला गेला तेव्हा
सुई घेऊन त्या अक्षरांखाली
मीही ओळ ओढली, मराठीत, वाकडी:
टाका शाबूत आहे. तरी हळूच.
खलफानला सांगितलं नाही.
आतली बाजू गिऱ्हाईक बघत नाही,
तिचं बिल होत नाही.

बसवताना उजवा खटका टक् करून बसला,
मागचे दोन, टक्, टक्.
डाव्यापाशी आलो आणि तळहात आपोआप सैल झाला,
वीस वर्षांत न काढलेला आवाज
तोंडातून निघाला,
येऊ दे...
येऊ दे...
बस.