तायी कार्ड

तोंडावर मी तुम्हाला तुम्ही म्हणते, भरमा.
इथं तू म्हणेन.

तुझ्या अंगाचा वास सोसत नाही
असं मी तिसऱ्या महिन्यात म्हणाले.
म्हणालं पोट, मी नव्हे,
पण ऐकलंस तू.
उद्यमबागेतल्या फौंड्रीची जळकी वाळू,
तेल, बिडाचा चुरा.
लग्नाच्या पहिल्या वर्षी हाच वास
तुझा बनियन बादलीत टाकायच्या आधी
मी क्षणभर नाकाशी धरायचे.
हे तुला कधी सांगितलं नाही.
आता सांगितलं तर
समजूत काढल्यासारखं वाटेल.

तेव्हापासून तू मागच्या खोलीत निजतोस
बंद मागाच्या शेजारी.
मामंजी गेल्यावर मोटार विकली, सांगाडा राहिला,
त्याच्या आडव्या लाकडाला तुझी पँट लोंबते.
रात्री कूस बदललीस की
लाकूड करकरतं.
तू नाही.

दिवसाकाठी एकच वाक्य उरलं आपल्यात,
उंबऱ्यापलीकडून, अंधारात:
गोळी घेतलीस गे?
घेतली.
आणि वडगाव झोपायचं,
कुठंतरी एखादा माग तेवढा खडखडत राहायचा.

कार्ड जाड पुठ्ठ्याचं. वर आई आणि बाळ,
खाली सगळं कन्नड.
मी चंदगडकडची,
शिनोळी ओलांडली की पाट्या मुक्या होतात मला.
तायी म्हणजे आई, हे तूच शिकवलंस.
आमच्यात ताई म्हणजे थोरली बहीण, मी हसले होते,
सरकारनं एका वेलांटीत बढती दिली म्हणायची.
दवाखान्यातून आलं की तू वाचून दाखवायचास
वजन बरं, बीपी बरं, रक्त बरं.
आकडे मला वाचता येत होते,
ते किती असायला हवेत ते येत नव्हतं.

गेल्या मंगळवारी तुला सुट्टी मिळाली नाही.
शेजारच्या गंगव्वाची नात, पाचवीतली,
लाल शाईवर बोट ठेवून वाचत गेली:
रक्त. हीन. ते.
एवढं कन्नड मला आपसूक आलं.
रक्त तेच, हीन तेच.
आणि तारीख पाचव्या महिन्यातली.

मग भांडलो. म्हणजे मी भांडले,
तू खाली बसून बुटाची नाडी
सोडत होतास, बांधत होतास.
भिऊ नयेस म्हणून, म्हणालास.
मी म्हटलं, भीती माझी होती,
ती तुम्ही कुणाला विचारून ठेवून घेतली?
बऱ्याच वेळानं, नाडीलाच सांगितल्यासारखं,
खरं काय ते म्हणालास:
तुझ्या आईला कळलं असतं तर
दुसऱ्या दिवशी पलीकडं नेलं असतं तुला.
मग मी रविवारचा पाहुणा.

हे मला कळायला हवं होतं.
फडताळात आपोआप येणारा खजूर,
बीट, काळा गूळ, गड्डीच्या गड्डी राजगिरा,
आणि एकदा चक्क कुंद्याचा पुडा,
ज्यात रक्त वाढवणारं काहीच नसतं.
मला वाटायचं, बोलणं टाळायला आणतोस.

पण माझंही एक आहे.
त्या गोळ्यांनी मळमळायचं मला,
जीभ लोखंडी व्हायची, तुझ्या कारखान्यासारखी.
तू विचारायचास तेव्हा ती मुठीत असायची.
घेतली, म्हणायचे
आणि सकाळी कढीपत्त्याच्या कुंडीत पुरायचे.
तीन महिने.
कढीपत्ता काळाभोर झालाय,
सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

भांडताना हे मी सांगितलं नाही.
तुझं खोटं मोठं ठेवायचं होतं.

आज उशिरा आलास. नळाखाली बराच वेळ अंग घासत होतास,
पाण्याचा आवाज थांबेना,
मला ओरडून म्हणावंसं वाटलं, पुरे, कातडं जाईल.
नाही म्हटलं.
जेवलास. ताट उचललंस. दिवा गेला.

गोळी घेतलीस गे?

आत एक लाथ बसली, बरगडीखाली.
नाही, मी म्हटलं.
एकही नाही.

लाकूड करकरलं.
कूस बदललीस की उठलास,
अजून ऐकतेय.