टोक

गुजरीच्या मागल्या बोळात
दस्तगीर शिकलगार श्वास रोखून
हिऱ्याचा कण चिमट्यात धरतो.
आजा तलवारींना धार लावायचा;
याला साखरेचा दाणासुद्धा धोंड्याएवढा.

पंखा बंद.
पोरगं चहा घेऊन उंबऱ्यातच उभं:
शिंकलास तर बघ.

भिंगाखाली दांडी, केसासारखी,
तिच्या नाकावर टिपूसभर चिकटा,
मग हिरा,
मग नुसतं थांबणं.

दिवेलागणीला तबकडी लावतो,
नेहमीचीच, घासून पांढरी पडलेली.
गाण्याकडं लक्ष नसतं त्याचं.
दुसऱ्या अंतऱ्याआधी मागं कुणीतरी
हळूच खोकतं,
तेवढ्यासाठी मान वाकडी करून बसलेला.

आलं.

"बसली सुई," म्हणतो, पंख्याचं बटण दाबतो,
चहावरची साय बोटानं बाजूला सारतो.
"साठ वर्सं झाली,
बाबाचा खोकला काय जाईना."