जी-दोनचं प्यादं

रविवारचं कात्रण मी सोमवारी वाचतो,
भुसावळ-यावल गाडीत, खिडकीपाशी,
फोन कानाला, आवाज मुद्दाम मोठा :
पांढरा राजा सी-एक. वजीर एच-पाच.
घोडा ई-चार. उंट डी-तीन...
शेजारची बाई मेथीची जुडी मांडीवर घेते
आणि जरा सरकून बसते,
मंत्र म्हणणाऱ्याला जागा द्यावी तशी.

पलीकडे झिपरू नेहेते.
लोको शेडमधला फिटर, माझा गुरू.
ऑइलच्या पिंपाचं झाकण हा त्याचा पट,
चुन्यानं आखलेली चौसष्ट घरं,
बोल्ट म्हणजे प्यादी, पितळी नट म्हणजे वजीर.
मी एकदा नटाला हात घातला
तर पान्यानं बोटावर टिचकी :
"हात लावला का डोकं आयशी होते, भो.
पाय नुस्तं."

आता पाहायचं तर मीच पाहतो.
साखरेनं त्याचा आधी डावा डोळा नेला,
मग उजव्याला फार दिवस लावले नाहीत.
मी वाचायचं, त्यानं ऐकायचं.
सापडलं की एक मिस्ड कॉल.
उचलायचा नाही. उचलला तर त्याचा रुपया जातो.

पुस्तकात राणी लिहितात. तो वजीरच म्हणतो.
राणी कशी देणार कोणाला?
वजीर देता येतो.
द्यायचाच असतो, फुकट, एच-सातवर, धाडकन,
आणि काळ्या राजाला तो खावाच लागतो.
खाल्ला की घर सुटलं त्याचं.
घोडा एफ-सहा, उंटाची वाट मोकळी, शह दोन बाजूंनी.
एच-सहा.
जी-पाच.
नेहेतेच्या हिशेबात वरच्या ओळी म्हणजे सातपुडा,
खालच्या अजिंठ्याचे डोंगर,
आणि चौथ्या-पाचव्या ओळीच्या मधून तापी.
पालच्या जंगलातून निघालेला राजा
शह खात खात नदी उतरतो, जी-चारवर येतो,
आणि तिथे त्याला मारायला
हत्ती नाही, घोडा नाही,
एच-दोनचं प्यादं एक घर पुढे येतं. बस.

मंगळवार गेला. बुधवार गेला.
मिस्ड कॉल नाही.
गुरुवारी मी आपणहून लावला तर सून म्हणाली,
जेवताना ताटातल्या शेंगा सरकवत बसलेत,
भाजी निवली.

शुक्रवारी संध्याकाळी परतीच्या गाडीत
फोन आला, पूर्ण वाजला.
"उचल ना भो! काया राजा पयाला!
प्यादं एच-तीनवर आलं, त्यानं खाल्लं ते. खाल्लं!
मांगं कोनीच नाही. मात नाही रे यात.
पेपरवाल्याले कयव."

कात्रण खिशात होतं, घामानं मऊ झालेलं.
जी-दोनवर प्यादं होतं.
स्पष्ट, शाईत, एच-तीनवर तिरपी नजर ठेवून.
सोमवारी तेवढ्याच ओळीला
गाडी तापीच्या पुलावर होती,
आणि पुलावर रेंज जाते.

"चाळीस वर्सं झाली," तो म्हणत होता,
"किती वजीर देले मी, मोजले नाही.
हरेक राजाले धरून आनला आन् मारला.
ह्यो पयला, जो घरी गेला."
घरी नव्हता गेला तो.
पांढऱ्यांच्या मुलखात एकटा उभा होता,
पण हे मी बोललो नाही.
मागे सून हसत होती, तोही हसत होता,
आणि शेंगा खाल्ल्याचा आवाज येत होता.

सांगायला तर हवं होतं.
त्यानं मला खोटी चाल कधी शिकवली नाही.
मी थांबलो.
अंजाळे गेलं. गाडी वळली.
पुलाचा पहिला सांधा चाकाखाली वाजला
तेव्हा मी म्हणालो, एका दमात, नीट :
नेहेते, जी-दोनवर प्यादं आहे.
"हॅलो? हॅलो? काय म्हनतं?"
खाली पाणी थोडं, वाळू फार,
मग तेही नाही.

स्टँडवर उतरलो.
खिशात फोन थरथरला,
एकदाच,
आणि बंद झाला.