आधी कुठे मोडलं?

वर्षातून दोनदा जिल्ह्याकडून एक कागद येतो.
विषय : विज्ञान. काय शिकवलंत?
पुढे एक रेघ. एकच. माझ्या करंगळीएवढी.

बाहेर उणे एकतीस.
खिडकीच्या काचेला आतूनही बर्फ धरलाय
आणि दार्का त्यावर नखाने त्रिकोण कोरतेय,
पुसतेय, पुन्हा कोरतेय.
सस्कॅचेवानच्या या टोकाला एक शाळा होती.
ती मिटली तेव्हा तिची घंटा लिलावात कुणी नेली,
विचारायचंच राहून गेलं.
आता शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल,
एक पाय आखूड,
त्याखाली घडी करून सारलेलं बियाण्यांचं कॅटलॉग.

आज पूल.
स्पॅगेटीच्या चार पुड्या, गरम गोंद,
दोन खुर्च्यांमध्ये चाळीस सेंटिमीटरची दरी.
पुलाला खालून बरणी टांगायची,
काकडीच्या लोणच्याची, अजून शेपूचा वास मारणारी,
आणि तिच्यात गहू ओतायचा,
चमचा चमचा, मोजून.

ओरेस्ट अकराचा आहे.
त्याला पूल नको असतो, जिंकायचं असतं.
त्याने चौकोनाला चौकोन जोडला,
सरळ, देखणा, कवायतीला उभा केल्यासारखा.
दार्काने त्रिकोण लावले. कुणी सांगितलं नव्हतं.
"चौकोन डुलतो," एवढंच म्हणाली,
शेजारच्या एखाद्या दारुड्याबद्दल बोलावं तशी.

ओरेस्टचा पूल एकशे नव्वद ग्रॅमला गेला.
मोठा आवाज नाही, नुसता एक सुस्कारा,
आणि मग गहू, गहू, फरशीभर गहू.
तो पाय आपटत आत गेला. दार आपटलं.
दार्काचा एक किलो एकशे चाळीसपर्यंत तगला,
मग तोही गेला, आणि ती टाळ्या पिटत नाचली.

"आधी कुठे मोडलं?" मी विचारलं.

नाच थांबला.
"मी बरणीकडे बघत होते."

खरं सांगायचं तर मीही.
दहावीला फिजिक्समध्ये गटांगळी खाल्लेली बाई मी,
धान्य सोसायटीचे हिशेब लिहिते,
मला वाटलं होतं उत्तर तिला माहीत असेल.

आतल्या खोलीचं दार किलकिलं झालं.
"मग मोडायसाठीच बांधू या," ओरेस्ट म्हणाला.
डोळे लाल, पण हातात पेन्सिल.

तिसरा पूल दोघांनी मिळून बांधला, त्रिकोणांचा,
आणि दोन वेळा भांडून.
प्रत्येक सांध्यावर नेलपॉलिशचा ठिपका, शेजारी आकडा.
मग कामं वाटली :
एक ते सहा दार्का, तेरापासून पुढे ओरेस्ट,
मधले माझे. "आई, पापणी लववायची नाही."
मेट्रो ट्रक लावून आत आला, दाढीत बर्फ,
बूट काढायच्या आधीच त्याच्या हातात चमचा.
"बाबा, मापात पाप नको."
"नाही बाई," तो म्हणाला, आणि हातमोज्यानेच ओतू लागला.

बरणीकडे कुणीच बघत नव्हतं.
फक्त गहू पडल्याचा आवाज
आणि चौघांचे रोखलेले श्वास.

आठवा ठीक. नववा ठीक.
दहाव्याजवळची वरच्या कडेची काडी
मला वाटलं हलली, मग वाटलं भास,
मग ती बाहेरच्या अंगाला झुकली,
कुणी हाक मारल्यावर मान वळवावी तेवढीच,
गोंदाचा एक पांढुरका तंतू ताणला गेला,

आणि मी ओरडले.
एक्केचाळीस वर्षांत कुठल्याही वर्गात ओरडले नव्हते अशी :
"दहावा! वाकला! मोडायच्या आधी वाकला!"

मेट्रोच्या हातून उरलेला गहू सांडला तो वेगळाच.

दार्का म्हणाली, "मला दिसलं नाही. पुन्हा करू या."

रात्री कागद पुढे घेतला.
दहाव्या सांध्याजवळची काडी बाहेर वाकली,
मगच तुटली. का, ते अजून ठरलेलं नाही;
दोन मतं आहेत, एक मुलीचं, एक मुलाचं.
रेघ संपली, वाक्य राहिलं,
ते समासातून वर वळवलं.

पुढचा विषय : शारीरिक शिक्षण.
लिहिलं : गहू वेचला.