पाचव्या लेव्हलचा पूल

कुताइसीच्या बाजारात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी
एका म्हाताऱ्याने चादरीवर मांडला होता तो:
जुन्या दातांसारखा पिवळा पडलेला डबा,
दोन कंट्रोलर, एकाची वायर चिकटपट्टीने बांधलेली.
'चालतो का?' मी विचारलं.
'लाइट असली की चालतो.'
दोघंही हसलो.
त्या वर्षांतून गेलेली माणसंच यावर हसतात.

शेजारच्या वालेरींच्या माळ्यावरून
जाड काचेचा टीव्ही उतरवला.
कार्ट्रिजवर लिहिलंय: ९९९ खेळ.
खरे सहा. बाकीचे तेच सहा, नावं बदलून.
आत फुंकर मारली.
किती जोरात मारायची, ते ओठांना अजून पाठ होतं.

आणि आला तो,
गोल पोटाचा, पिवळ्या टोपीचा.
त्याचं नाव जपानी अक्षरांत होतं,
म्हणजे आमच्यासाठी नव्हतंच.
आम्ही म्हणायचो बुतखुझा, गुबगुब्या.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात लाइट यायची रात्रीची,
कधी दोन तास, कधी वीस मिनिटं.
अख्खी इमारत ओरडायची: 'मोविदा!' आली!
आई इस्त्रीकडे धावायची, बाबा रेडिओकडे,
नुकरी आणि मी या डब्याकडे,
अंगात ओव्हरकोट, हातमोज्यांची बोटं कापलेली,
बटणं कळावीत म्हणून.
पहिली लेव्हल गवताची. दुसरी विहिरींची.
तिसरीत वटवाघळं.
चौथीत तो लोखंडी बेडूक,
आणि बेडूक मरायच्या आत
लाइट जायची.
दर वेळी.
डबा काही लक्षात ठेवणाऱ्यातला नव्हता.
उद्या पुन्हा गवतापासून.

मी रडकुंडीला यायचे. तेव्हा नुकरी,
चार वर्षांनी मोठा, सगळं माहीत असलेला,
रॉकेलचा दिवा लागेपर्यंत पुढचं सांगायचा:
'गिओच्या घरी पाहिलीय मी पाचवी.
पूल आहे. इतका लांब की पलीकडचं टोक दिसत नाही.
खाली नदी, आपल्या रिओनीएवढीच, पण हिरवी.
बर्फ पडत असतो.
मधोमध एक बाई बसलेली, भाजलेले चेस्टनट विकत.
ते खाल्ले की एक आयुष्य जास्त.'
'केवढ्याला देते?'
'फुकट.'
आई पहाटे चारला पावाच्या रांगेत उभी राहायची.
मी तो शब्द तोंडात धरून झोपायचे.

काल रात्री मी चौथी पार केली.
लाइट गेली नाही. फ्रिज गुरगुरत राहिला.
बेडूक अगदी साधा मेला,
कोपऱ्यात उभं राहून त्याच्या उड्या मोजल्या की झालं.
पडदा काळा झाला.
हीटर चालू असून माझे हात गार पडले.

मग पाचवी आली: तेच गवत.
तेच पहिलं कासव, त्याच दगडाआड.
फक्त आभाळ जांभळं.

तरी चालत राहिले. सहावी, सातवी,
विहिरी, वटवाघळं,
कुठेतरी पूल लागेल म्हणून.
बेडूक दुसऱ्यांदा मेला. आभाळ नारिंगी झालं.

नुकरीला फोन लावला.
बाबांचा ट्रकचा कारखाना बंद पडला,
आणि मुलगा आता पोलंडमध्ये दुसऱ्यांचे ट्रक चालवतो.
'पाचवी नाहीच आहे,' मी म्हटलं,
कसा आहेस, जेवलास का, काहीच न विचारता.
बराच वेळ नुसतं इंजिन ऐकू आलं.
'त्सिरा,' तो म्हणाला, 'गिओकडे तर टीव्हीच नव्हता गं.'
'आणि ती बाई?'
'कुठली बाई?'
'चेस्टनटवाली.'
पुन्हा इंजिन.
'ती आहे. बर्फ पडायला लागला की
डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घेते.'

पिशवीचं त्याने तेव्हा सांगितलं नव्हतं.

मी उठले, टीव्ही बंद केला,
मग भिंतीवरचं बटण.
'बरं, आता सहावीत काय आहे?'
'थांब,' तो म्हणाला, 'टोलनाका आलाय.'

मी अंधारात थांबले.